गाळणी धारित्राची सुरक्षितता : हौशी रेडिओ प्रवर्धकाच्या उच्चदाब वीजपुरवठ्याचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

विज्ञानाच्या इतिहासात मोठ्या शोधांची नोंद तपशीलवार होते. परंतु त्या शोधांचा वापर करणाऱ्या उपकरणांतील दुय्यम घटकांचा इतिहास बहुधा दुर्लक्षित राहतो. विद्युत् धारित्र, म्हणजेच बोलीभाषेतील कंडेन्सर, हा असाच एक घटक आहे. हौशी रेडिओ केंद्रांतील शक्तिशाली प्रवर्धकांना दोन ते तीन हजार व्होल्ट एकदिश दाबाची आवश्यकता असते. प्रत्यावर्ती प्रवाहाचे एकदिशीकरण केल्यानंतर त्यातील चढउतार गाळून टाकण्याचे काम धारित्र करते. हे करताना ते ऊर्जा साठवून ठेवते आणि वीजपुरवठा बंद झाल्यानंतरही ती त्याच्यात शिल्लक राहू शकते. म्हणूनच 'सुरक्षित धारित्र कोणते?' हा प्रश्न हौशी रेडिओच्या इतिहासात पुनःपुन्हा विचारला गेला.

या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक कालखंडात बदलत गेले. आधी विजेच्या धक्क्यापासून, मग आगीपासून आणि अखेरीस विषारी रसायनापासून संरक्षण असा सुरक्षिततेचा अर्थ विस्तारत गेला. एका पिढीने सुरक्षित म्हणून स्वीकारलेली वस्तू पुढील पिढीला घातक ठरल्याचे उदाहरणही याच इतिहासात सापडते. प्रस्तुत लेखात या स्थित्यंतराचा कालक्रमाने आढावा घेऊन धारित्राच्या निवडीमागील तांत्रिक कारणांची चिकित्सा केली आहे.

लायडन बरणी : धोक्याची पहिली ओळख

धारित्राचा शोध आणि त्याच्या धोक्याचा शोध या दोन्ही घटना एकाच वेळी घडल्या. १७४५ मध्ये पोमेरेनियातील एवाल्ड फॉन क्लाइस्ट यांना आणि १७४६ मध्ये हॉलंडमधील लायडन येथे पीटर व्हान मुशेनब्रूक यांना काचेच्या भांड्यात विद्युत् भार साठविता येतो, हे प्रयोगातून आढळले. हे ज्ञान दोघांनाही तीव्र धक्क्याच्या रूपाने मिळाले. पुढे हे उपकरण 'लायडन बरणी' या नावाने प्रसिद्ध झाले.

२३ डिसेंबर १७५० रोजी बेंजामिन फ्रँकलिन यांनी दोन मोठ्या बरण्यांतील विजेने टर्की पक्षी मारण्याचा प्रयत्न केला असता त्यांना स्वतःलाच जबर धक्का बसला आणि काही काळ त्यांची शुद्ध हरपली. दोन दिवसांनी लिहिलेल्या पत्रात त्यांनी हा प्रसंग कथन केला आहे. विजेचे स्वरूप त्या काळी फ्रँकलिन यांच्याइतके जाणणारी माणसे थोडीच होती. धारित्रापासून होणारा अपघात केवळ अज्ञानामुळे होत नाही, तर जाणकाराच्या क्षणभराच्या अनवधानानेही होतो, हे या घटनेतून स्पष्ट होते. पुढील पावणेदोनशे वर्षांनंतरच्या हौशी रेडिओच्या इतिहासात याच सत्याचा पुनःप्रत्यय येतो.

ठिणगी प्रेषकापासून निर्वात नलिकेपर्यंत

विसाव्या शतकाच्या आरंभी बिनतारी संदेशवहनासाठी ठिणगी प्रेषक वापरले जात. त्यांत लायडन बरण्या किंवा काचेच्या तावदानांवर धातूचा वर्ख लावून केलेली धारित्रे असत. १९१२ च्या अमेरिकी रेडिओ कायद्याने हौशी केंद्रांना २०० मीटरपर्यंतची तरंगलांबी आणि एक किलोवॉट आदान शक्ती अशी मर्यादा घालून दिली. १९१४ मध्ये हिराम पर्सी मॅक्सिम यांच्या पुढाकाराने 'अमेरिकन रेडिओ रिले लीग' स्थापन झाली आणि १९१५ मध्ये तिचे 'क्यूएसटी' हे नियतकालिक सुरू झाले. १९२६ मध्ये लीगच्या मार्गदर्शक ग्रंथाची पहिली आवृत्ती निघाली. हौशी मंडळींच्या तांत्रिक ज्ञानाची परंपरा मुख्यतः या दोन प्रकाशनांनी घडविली.

निर्वात नलिकांचे प्रेषक आल्यानंतर गाळणीचा प्रश्न खऱ्या अर्थाने उपस्थित झाला. नलिकेला दिलेला दाब स्थिर नसेल तर प्रक्षेपित संदेशात गुरगुर मिसळते आणि तो वाजवीपेक्षा अधिक जागा व्यापतो. १९२७ च्या वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेनंतर हौशी पट्टे अरुंद झाले. त्यामुळे शुद्ध स्वर ही केवळ प्रतिष्ठेची बाब न राहता शेजारधर्माची गरज बनली.

या गाळणीसाठी दोन प्रकारची धारित्रे उपलब्ध होती. पहिला प्रकार कागदी धारित्राचा. १८७६ मध्ये फिट्झगेराल्ड यांनी मेणकागदाच्या धारित्राचे एकस्व घेतले होते. पुढे मेणाऐवजी खनिज तेलात भिजविलेला कागद वापरात आला. दुसरा प्रकार विद्युत् विच्छेद्य, म्हणजेच इलेक्ट्रोलिटिक धारित्राचा. अ‍ॅल्युमिनियमवर विद्युत् क्रियेने चढणारा ऑक्साइडचा अतिशय पातळ थर अपारक म्हणून वापरता येतो, या तत्त्वावर कारोल पोलाक यांनी १८९६ मध्ये एकस्वासाठी अर्ज केला. १९२५ मध्ये सॅम्युएल रूबेन यांनी दोन पत्र्यांमध्ये कागदी पट्टी असलेली आधुनिक रचना पुढे आणली. लहान आकारात मोठी धारिता हा या प्रकाराचा गुण. तर एका धारित्राला सुमारे ४५० ते ५०० व्होल्टपेक्षा अधिक दाब न पेलणे ही त्याची मर्यादा. त्यामुळे हजारो व्होल्टच्या पुरवठ्यात तेलकागदी धारित्रांचेच वर्चस्व दीर्घकाळ टिकले.

चोक गाळणी आणि ब्लीडर रोधकाचे महत्त्व

१९३० ते १९६० या काळात एकदिशीकरणासाठी पाऱ्याच्या बाष्पाच्या नलिका सर्रास वापरल्या जात. त्यांच्या ऋणाग्राला प्रवाहाची तीव्र शिखरे सोसत नसत. एकदिशकारकाच्या लगेच पुढे मोठे धारित्र जोडल्यास ते भारित होताना अशी शिखरे निर्माण होतात. म्हणून आधी लोहगाभ्याचा चोक आणि त्यानंतर दोन ते चार मायक्रोफॅरडचे तेलकागदी धारित्र अशी रचना रूढ झाली.

या रचनेत एक सहज लक्षात न येणारा धोका होता. चोकमधून किमान ठरावीक प्रवाह वाहत असेपर्यंतच दाब सरासरी मूल्यावर राहतो. भार पूर्णपणे निघून गेल्यास धारित्र शिखर मूल्यापर्यंत भारित होते आणि दाब सरासरीच्या सुमारे १.५७ पट होतो. म्हणजे २,५०० व्होल्टसाठी आखलेला पुरवठा ३,९०० व्होल्टच्या पुढे जाऊ शकतो. हा किमान प्रवाह कायम ठेवण्यासाठी धारित्राला समांतर असा ब्लीडर रोधक जोडला जाई. दाब मर्यादेत ठेवणे आणि पुरवठा बंद केल्यावर धारित्रातील भार निचरून टाकणे, अशी दोन्ही कामे त्याच्याकडे होती. असा रोधक तुटल्यास धारित्रावरील ताण वाढे आणि तोच भार बंद उपकरणातही टिकून राही. केवळ नेहमीच्या दाबाकडे पाहून धारित्र निवडणे त्या काळातही अपुरे होते, हे यावरून लक्षात येते.

धोक्याची तीव्र जाणीव हौशी जगताला १९३८ मध्ये झाली. मूळचे ऑस्ट्रेलियाचे आणि 'क्यूएसटी'च्या संपादकीय कार्याशी दीर्घकाळ निगडित असलेले रॉस हल हे १३ सप्टेंबर १९३८ रोजी कनेक्टिकटमध्ये दूरचित्रवाणी उपकरणावर काम करीत असताना उच्चदाबाच्या स्पर्शाने मृत्युमुखी पडले. अतिउच्च कंप्रतेच्या लहरींच्या प्रसारणावरील त्यांच्या संशोधनास मोठी मान्यता मिळाली होती. अशा अधिकारी व्यक्तीच्या मृत्यूने खळबळ उडाली आणि 'स्विच टू सेफ्टी' ही घोषणा हौशी वर्तुळात रूढ झाली. मुख्य कळ बंद केल्याविना आत हात घालू नये, झाकण उघडताच पुरवठा तुटेल अशी व्यवस्था असावी आणि धारित्राची अग्रे निरोधक दांड्याच्या साहाय्याने भूमीशी जोडावीत, हे संकेत यानंतर अधिक ठामपणे सांगितले जाऊ लागले.

'सुरक्षित' द्रवाची शोकांतिका

तेलकागदी धारित्राचा मुख्य दोष म्हणजे त्यातील खनिज तेल ज्वलनशील असते. आतील अपारक फुटल्यास आग लागण्याची शक्यता असे. यावर उपाय म्हणून क्लोरीनयुक्त बायफेनिल, म्हणजेच पीसीबी, या द्रवाचा स्वीकार झाला. अमेरिकेत अलाबामा राज्यातील अ‍ॅनिस्टन येथे १९२९ मध्ये त्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले व १९३५ मध्ये तो कारखाना मोन्सँटो कंपनीकडे आला. हा द्रव सहजासहजी पेटत नाही, रासायनिक दृष्ट्या स्थिर राहतो आणि कागदाची धारिता वाढवितो. जनरल इलेक्ट्रिकने 'पायरॅनॉल' व वेस्टिंगहाउसने 'इनर्टीन' या नावांनी तो रोहित्रांत आणि धारित्रांत वापरला. निष्क्रियता सुचविणारे 'इनर्टीन' हे नावच तत्कालीन विश्वास व्यक्त करणारे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी साठ्यातील तेलभरीत धारित्रे स्वस्तात बाजारात आली आणि हौशी मंडळींनी ती मोठ्या संख्येने घेतली. त्यांपैकी अनेकांत हाच द्रव होता.

ज्या गुणासाठी पीसीबीची निवड झाली तोच गुण पुढे दोष ठरला. न जळणारे व न विघटणारे रसायन निसर्गातही विघटित होत नाही. १९६६ मध्ये स्वीडनमधील संशोधक सोरेन येन्सेन यांना वन्य प्राण्यांच्या शरीरात पीसीबीचे अंश आढळले. १९६८ मध्ये पश्चिम जपानमध्ये तांदळाच्या कोंड्याचे तेल या द्रवाने दूषित होऊन 'युशो' नावाने ओळखली जाणारी सामूहिक विषबाधा झाली. द्रव अतितापल्यास त्याहून विषारी फ्युरान संयुगे निर्माण होतात, हेही पुढे स्पष्ट झाले. धारित्रांच्या इतिहासाशी थेट जोडलेली घटना न्यूयॉर्क राज्यातील हडसन नदीची आहे. हडसन फॉल्स व फोर्ट एडवर्ड येथील धारित्रांच्या दोन कारखान्यांतून १९४७ ते १९७७ या काळात पीसीबी नदीत सोडले गेले. १९८४ मध्ये नदीचा सुमारे २०० मैलांचा पट्टा शासकीय शुद्धीकरण योजनेत समाविष्ट करावा लागला.

अमेरिकेत १९७६ च्या विषारी पदार्थ नियंत्रण कायद्याने व १९७९ च्या नियमांनी पीसीबीच्या उत्पादनावर बंदी आली. २००१ च्या स्टॉकहोम कराराने हा प्रश्न आंतरराष्ट्रीय पातळीवर नेला. उपकरणांतील पीसीबीचा वापर थांबविण्यासाठी २०२५ आणि त्याच्या विल्हेवाटीसाठी २०२८ ही वर्षे करारात ठरविण्यात आली. भारताने २००६ मध्ये या करारास अनुमती दिली व २०१६ च्या आदेशाने पीसीबीचे उत्पादन व आयात बंद करून वापर थांबविण्यासाठी ३१ डिसेंबर २०२५ ही मुदत निश्चित केली. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पीसीबीची गणना मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केली.

आगीपासून बचाव करणाऱ्या द्रवाने घरातील धोका कमी केला. मात्र तो नाहीसा झाला नाही. तो कारखान्यातील कामगारांकडे, नदीकाठच्या वस्तीकडे आणि पुढील पिढीकडे सरकला. सुरक्षिततेचा हिशेब केवळ वापरणाऱ्यापुरता मांडल्यास तो अपुरा राहतो, हा या प्रकरणाचा मुख्य बोध होय.

सिलिकॉन डायोड आणि धारित्रांची मालिका

१९५० नंतर एकपार्श्वपट्ट पद्धतीचे ध्वनिप्रक्षेपण लोकप्रिय झाले. या पद्धतीत बोलण्याच्या लयीप्रमाणे प्रवर्धकाचा प्रवाह क्षणाक्षणाला बदलतो. म्हणून दाब स्थिर ठेवण्यास अधिक धारिता लागते. १९६० च्या दशकात सिलिकॉन डायोड स्वस्त झाले. ते प्रवाहाची शिखरे सहज सोसतात, त्यामुळे जड चोकची गरज उरली नाही. या दोन कारणांमुळे इलेक्ट्रोलिटिक धारित्रांची मालिका हा नवा प्रघात पडला. १९७० च्या दशकात गाजलेल्या हीथकिट कंपनीच्या 'एसबी-२२०' प्रवर्धकात २०० मायक्रोफॅरड व ४५० व्होल्टची आठ धारित्रे मालिकेत जोडलेली होती. मालिकेची धारिता २५ मायक्रोफॅरड व एकूण दाबक्षमता ३,६०० व्होल्ट होते.

ही रचना हलकी, स्वस्त व पीसीबीमुक्त होती. परंतु साठलेल्या ऊर्जेचा हिशेब वेगळेच चित्र दाखवितो. धारित्रातील ऊर्जा ही धारिता व दाबाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मी असते. ४ मायक्रोफॅरडच्या जुन्या धारित्रात २,५०० व्होल्टला १२.५ ज्यूल ऊर्जा साठते. तर २५ मायक्रोफॅरडच्या मालिकेत ३,००० व्होल्टला ११२.५ ज्यूल. म्हणजे ही वाढ नऊपट आहे. हृदयाची लय पूर्ववत करण्यासाठी वैद्यकीय उपकरणातून छातीवर दिला जाणारा धक्का साधारण १५० ते ३६० ज्यूलचा असतो, हे लक्षात घेतल्यास या आकड्याचे गांभीर्य समजते.

दुसरा प्रश्न दाबाच्या विभागणीचा आहे. ३,००० व्होल्ट आठांत समान वाटले गेल्यास प्रत्येकी ३७५ व्होल्ट येतात आणि ४५० व्होल्टची मर्यादा पुरेशी वाटते. परंतु मालिकेतील धारित्रांवर भार सारखाच असल्याने दाब धारितेच्या व्यस्त प्रमाणात वाटला जातो. आठांपैकी एकाची धारिता २० टक्क्यांनी कमी, म्हणजे १६० मायक्रोफॅरड असेल, तर पुरवठा सुरू होताच त्याच्यावर सुमारे ४५५ व्होल्ट व इतरांवर प्रत्येकी ३६४ व्होल्ट येतात. घरगुती विजेचा दाब १० टक्के वाढल्यास त्या एका धारित्रावरील ताण ५०० व्होल्टपर्यंत जातो. २० टक्के तफावत ही अशा धारित्रांत मान्य असलेली तफावत आहे. सदोष धारित्राचे हे उदाहरण नव्हे. आठऐवजी दहा धारित्रे घेतल्यास याच परिस्थितीत सर्वाधिक ताण सुमारे ४०२ व्होल्ट राहतो.

पुरवठा स्थिरावल्यानंतर मात्र विभागणी धारितेवर अवलंबून न राहता गळती प्रवाहावर ठरते. ज्या धारित्रातून गळती कमी, त्याच्यावर दाब अधिक. ही विषमता टाळण्यासाठी प्रत्येक धारित्राला समान मूल्याचा रोधक समांतर जोडतात. रोधकांतील प्रवाह गळती प्रवाहाच्या अनेक पट असेल तरच ते परिणामकारक ठरतात. ३० किलोओहमचा रोधक ३७५ व्होल्टला १२.५ मिलिअँपिअर प्रवाह घेतो व ४.७ वॉट उष्णता निर्माण करतो. आठांची मिळून ३७.५ वॉट उष्णता धारित्रांच्या शेजारीच निर्माण होते. उष्णतेने इलेक्ट्रोलिटिक धारित्राचे आयुष्य घटते. १०० किलोओहमचे रोधक घेतल्यास उष्णता ११ वॉटवर येते. परंतु दाब ३,००० वरून ३० व्होल्टपर्यंत उतरण्यास २८ सेकंदांऐवजी ९२ सेकंद लागतात. उष्णता आणि निचऱ्याचा वेळ यांतील हा विरोध पूर्णपणे मिटविता येत नाही. त्यातून मध्यममार्ग काढावा लागतो.

शिवाय एखादा रोधक तुटल्यास त्या धारित्रावरील दाब वाढत जातो आणि पुरवठा बंद केल्यावर इतर धारित्रे रिकामी होऊनही ते एकटे भारित राहते. त्यामुळे 'थोडा वेळ थांबलो, आता स्पर्श करण्यास हरकत नाही' हा समज धोकादायक ठरतो. मापकावर दाब शून्य दिसल्याची खात्री करणे व नंतर अग्रे भूमीशी जोडणे याला पर्याय नाही.

फिल्म धारित्रे आणि निवडीचे निकष

प्लॅस्टिक फिल्मची, विशेषतः धातुलेपित पॉलिप्रॉपिलीनची धारित्रे हा यानंतरचा टप्पा होय. त्यांत अपारकाला सूक्ष्म छिद्र पडल्यास भोवतालचा धातुलेप जळून जातो व दोष आपोआप वेगळा पडतो. त्यांत इलेक्ट्रोलिटिकसारखा सुकणारा द्रव नसतो व गळतीही अत्यल्प असते. परंतु गळती अत्यल्प असणे याचाच अर्थ भार दीर्घकाळ टिकणे. म्हणून उत्तम धारित्राला ब्लीडर रोधकाची गरज अधिक भासते.

उपरोक्त इतिहासाच्या आधारे निवडीचे पुढील निकष मांडता येतात :

१) धारित्राची दाबक्षमता भाराविना येणाऱ्या व घरगुती विजेच्या चढीव दाबाच्या स्थितीवरून ठरवावी.

२) मालिकेतील धारित्रे एकाच प्रकारची व एकाच वयाची असावीत, एक निकामी झाल्यास सर्वच बदलणे श्रेयस्कर.

३) गरजेपेक्षा अधिक धारिता घेणे म्हणजे गरजेपेक्षा अधिक ऊर्जा हाताशी ठेवणे होय.

४) अल्पकाळाच्या स्पंदासाठी बनविलेली धारित्रे अखंड दाबाखाली वापरू नयेत. त्यांच्यावर छापलेला दाब वेगळ्या कामासाठी असतो.

५) अनेक वर्षे पडून असलेल्या इलेक्ट्रोलिटिक धारित्राचा ऑक्साइड थर क्षीण झालेला असतो. त्यास एकदम पूर्ण दाब देऊ नये.

६) १९८० पूर्वीचे, माहिती नसलेल्या द्रवाचे धारित्र उघडू नये, भंगारात देऊ नये व वापरूही नये, त्याची विल्हेवाट अधिकृत मार्गानेच लावावी.

७) वेगळ्या काढून ठेवलेल्या मोठ्या धारित्राची अग्रे तारेने जोडून ठेवावीत. भार निचरल्यानंतरही अपारकात मुरलेला काही भार हळूहळू पुन्हा अग्रांवर येतो.

समारोप

लायडन बरणीपासून पॉलिप्रॉपिलीनपर्यंतच्या या प्रवासात एकही धारित्र निरपवादपणे सुरक्षित ठरले नाही. तेलाने धक्का आणि आग दिली, पीसीबीने आग टाळून विष दिले, इलेक्ट्रोलिटिक मालिकेने विष टाळून ऊर्जा वाढविली आणि आयुष्याची जबाबदारी काही रुपयांच्या रोधकावर सोपविली. सुरक्षितता हा एखाद्या वस्तूचा अंगभूत गुण नसून धारित्र, रोधक, झाकणाची कळ, मापक आणि वापरणाऱ्याची शिस्त यांच्या एकत्रित व्यवस्थेचा तो गुण आहे, असे यावरून म्हणता येते.

हा विषय केवळ हौशी रेडिओपुरता मर्यादित नाही. जुन्या प्रयोगशाळांच्या अडगळीत पत्र्याच्या डब्यातील जड धारित्रे आजही असू शकतात. त्यांवर काय छापले आहे, ती केव्हाची आहेत व त्यांत कोणता द्रव आहे, याची नोंद घेणे हे भौतिकशास्त्राचे आणि रसायनशास्त्राचे काम आहे, तसेच ते इतिहासाचेही आहे. कोणताही नवा पदार्थ 'सुरक्षित' म्हणून स्वीकारताना तो कोणता धोका कमी करतो आणि तो धोका कोणाकडे सरकवितो, हे दोन प्रश्न एकत्र विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लागणे, हीच या इतिहासाच्या अध्ययनाची खरी उपयुक्तता होय.